जिनवंदना आणि गणित

कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधीचे अध्यापन केलेले डॉ. आ. ने. उपाध्ये सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेचे एक प्रधान संपादक होते. १९६३ साली या मालेतून महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ हिंदी अनुवादासह प्रसिद्ध झाला. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळातील, नवव्या शतकातील हा ग्रंथ भगवान महावीरांना वंदन करून व्याज, मिश्रण, क्षेत्रफळ यांचे गणित शिकवितो. ऋण संख्येला वर्गमूळ नसते, हेही आचार्य त्यात सांगतात. वंदना आणि गणना यांत त्यांना विरोध दिसला नाही. श्रुतपंचमीस आपण भक्तिभावाने ग्रंथांची पूजा करतो. परंतु न उघडलेली पोथी पुढील पिढीस मुकीच राहील. ती उघडून अभ्यासणे, हीही श्रुतपूजाच होय.