मोटारसायकलवरचे घड्याळ : अस्सल, जुने आणि जुन्यासारखे

एका मित्राकडे त्याच्या आजोबांची रॉयल एन्फिल्ड बुलेट आहे. १९५४ ची, रेडिचच्या कारखान्यात तयार झालेली आणि मुंबईत नोंदलेली. डागडुजी पूर्ण होत आली असता त्याने विचारले, "हँडलपाशी त्या काळातले वाटेल असे घड्याळ बसवतो आहे. ऐतिहासिकदृष्ट्या चालेल ना?" एका शब्दात उत्तर देता आले नाही, म्हणून हा लांबलेला धागा.

प्रथम एक निराशाजनक वस्तुस्थिती. त्या काळातील बहुसंख्य मोटारसायकली कारखान्यातून घड्याळाविनाच बाहेर पडत. १९३८ च्या ट्रायम्फ स्पीड ट्विनच्या पेट्रोल टाकीवर बेकलाइटची सुबक पट्टी होती. तिच्यात अँपिअरमापक, तेलाचा दाब दाखवणारा मापक, दिव्याचे बटण आणि काढून हाती घेता येईल असा छोटा दिवा, एवढे सारे होते. घड्याळ नव्हते. मग दुचाकीवर घड्याळ हवे, ही कल्पना आली कोठून?

त्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लंडमध्ये जावे लागते. १९०३ च्या मोटार कार कायद्याने तेथे ताशी २० मैलांची कमाल मर्यादा घातली. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे बेकायदा होते. आइल ऑफ मॅनवर १९०७ पासून शर्यती भरू लागल्या, कारण त्या बेटाचे कायदे वेगळे होते. उर्वरित ब्रिटनमधील हौशी स्वारांनी दुसरा मार्ग काढला : 'ट्रायल', म्हणजे विश्वासार्हतेची कसोटी. १९०१ साली स्थापन झालेल्या मोटर सायकलिंग क्लबने १९०४ पासून लंडन ते एडिनबरा अशी कसोटी सुरू केली. अंतर सुमारे ४०० मैल. ताशी २० मैल या गतीने हिशेब केला तर निव्वळ चालण्याचेच वीस तास होतात.

या कसोट्यांचे मर्म असे की लवकर पोहोचणे हाही दोषच होता. तपासणी नाक्यावर ठरलेल्या वेळेच्या आधी आलात तरी गुण जात, उशीर झाला तरी जात. वेगाला बक्षीस नव्हते, वक्तशीरपणाला होते. १९१३ साली कार्लाइल येथे पहिली आंतरराष्ट्रीय सहा दिवसांची कसोटी भरली, तिचा पायाही हाच होता.

आता स्वाराच्या जागी बसून पाहा. वेगमापक असेलच असे नाही; नव्या वाहनांना तो ब्रिटनमध्ये १९३७ साली सक्तीचा झाला. पण रस्त्याकडेला मैलाचे दगड आहेत. ताशी २० मैल म्हणजे तीन मिनिटांस एक मैल. प्रत्येक दगडापाशी मिनिटकाटा तीन घरे पुढे सरकलेला दिसला की गती बरोबर. कमी सरकला तर आपण घाईत आहोत, जास्त सरकला तर मागे पडलो आहोत. घड्याळ आणि मैलाचा दगड मिळून वेगमापक तयार होतो! मला या साऱ्या कथेतील हा भाग सर्वांत रम्य वाटतो.

अडचण व्यावहारिक होती. मनगटी घड्याळ पुरुषांत पहिल्या महायुद्धानंतर रुळले. त्यापूर्वीचे घड्याळ साखळीसह जाकिटाच्या खिशात असे. जाड कोट, त्यावर पावसाळी झगा, हातात चामडी मोजे, अशा अवस्थेत चालत्या गाडीवर ते बाहेर काढणार कसे? सायकलस्वारांनी यावर आधीच तोड काढली होती : हँडलला आवळायची एक डबी, तिच्यात रोजचेच खिशातले घड्याळ ठेवायचे. मोटारसायकलस्वारांनी ती उचलली. म्हणजे दुचाकीवरचे घड्याळ आरंभी गाडीचा भाग नव्हतेच, स्वाराचे होते. मुक्कामी पोहोचला की ते पुन्हा त्याच्या खिशात.

गाडीलाच जखडलेले घड्याळ पुढे मोटारींकडून आले. एकदा चावी दिली की आठ दिवस चालणारे आणि ते तबकडीवरच मिरवणारे. काहींची चावी मागून द्यावी लागे, काहींची काचेभोवतीची कडा फिरवून. दोन महायुद्धांच्या दरम्यान हौशी मालक अशी घड्याळे पदरमोड करून बसवून घेत. परंतु मोटारीच्या लाकडी फळीवरचे आयुष्य वेगळे आणि एकाच सिलिंडरच्या इंजिनाची धडधड सोसणाऱ्या हँडलवरचे वेगळे. ज्या चाकाच्या नियमित आंदोलनावर घड्याळाचा सारा भरवसा असतो, त्या बॅलन्स व्हीलला बाहेरून सतत हिसके बसू लागले की वेळ चुकते आणि बारीक खुंट्या झिजतात. पंचवीस हजार मोजून जुने घड्याळ आणायचे आणि महिनाभरात ते बंद पाडायचे, ही हौस मला तरी समजत नाही.

मित्राने पहिला विचार नेमका तोच केला होता : जुन्या बाजारातून एखाद्या मोटारीचे १९३० च्या दशकातील घड्याळ शोधायचे. म्हणजे सारे अस्सल! माझी खरी हरकत येथे सुरू होते.

एक हरकत आरोग्याची आहे. त्या काळातील अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांवर बहुधा रेडियमचा लेप असे. न्यू जर्सीतील कारखान्यात हा लेप लावणाऱ्या तरुणी ओठांनी कुंचल्याला टोक आणत. रेडियम त्यांच्या हाडांत साचले, जबडे कुजले, काहींचे प्राण गेले. त्यांच्यापैकी पाच जणींनी लढवलेला दावा १९२८ साली तडजोडीने मिटला. आज ती तबकडी अंधारात चमकत नाही, म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. झिजला तो प्रकाश देणारा झिंक सल्फाइड. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे आहे. असे घड्याळ घरी उघडू नये, पिवळट लेप खरवडू नये, फुंकर मारून धूळ उडवू नये. 'साफसफाई करून नवे करतो' म्हणणाऱ्या उत्साही मंडळींनी हे दोनदा वाचावे.

दुसरी हरकत इतिहासाची. मोटारीचे १९३० च्या दशकातील घड्याळ या बुलेटवर बसले की वीस वर्षांनी पाहणारा म्हणेल, आजोबांनीच बसवले असणार. घड्याळावरची झीज खरी, गंज खरा, म्हणून त्याची साक्षही खरी वाटेल. प्रत्यक्षात ते दुसऱ्याच कोणाच्या गाडीचे आयुष्य आहे. क्वार्ट्झचे यंत्र आत असलेली आजची प्रतिकृती निदान उघडल्यावर तरी खरे बोलते. खोट्या कागदावरचा खोटा शिक्का पकडता येतो. खऱ्या जुन्या कागदावर आज लिहिलेला मजकूर पकडणे कठीण असते.

वास्तुसंवर्धनात हा वाद जुना आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने दोन गोष्टी स्पष्ट केल्या : जेथे तर्क सुरू होतो तेथे पुनर्बांधणी थांबली पाहिजे, आणि नवा भाग जुन्याशी जुळणारा असला तरी वेगळा ओळखू आला पाहिजे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ च्या ट्युरिन सनदेत हीच दृष्टी वाहनांना लावली. बदल शक्यतो पुन्हा पूर्ववत करता यावेत, काढलेले मूळ भाग गाडीसोबत जपावेत, नव्या भागांवर कायमची पण न खुपणारी खूण असावी.

मित्राच्या गाडीला हे लावून पाहिले. १९५४ च्या बुलेटवर हेडलाइटभोवती अ‍ॅल्युमिनियमचे ओतीव आवरण येते आणि वेगमापक व अँपिअरमापक त्यातच बसवलेले असतात. घड्याळासाठी त्याला भोक पाडले की ते कायमचे. हँडलला आवळून बसवायचा पट्टा, त्याखाली रबर, एवढे केले तर उद्या सारे काढून ठेवता येते. वीजही गाडीकडून घेऊ नये. त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत सहा व्होल्टची बॅटरी आणि सांगाड्याला जोडलेले धन टोक अशी रचना असे. आजचे बारा व्होल्टचे, ऋण टोक सांगाड्याला अपेक्षिणारे यंत्र तेथे चालणार नाही, कदाचित जळेलही. स्वतःचा छोटा सेल असलेले घड्याळ बरे.

हे सारे ठरवताना एक गंमत ध्यानी आली. त्या पिढीच्या ब्रिटिश गाड्यांवर स्मिथ्सचा 'क्रोनोमेट्रिक' वेगमापक सर्रास असे. स्मिथ्स मुळात लंडनचे घड्याळवाले. त्यांच्या या वेगमापकाच्या पोटात घड्याळासारखेच पळे मोजणारे यंत्र आहे. ठरावीक क्षणात चाकाचे किती फेरे झाले ते मोजून काटा हलतो, म्हणूनच तो सरकत न जाता टप्प्याटप्प्याने उड्या मारतो. मैलाचा दगड आणि खिशातले घड्याळ यांचा तोच जुना हिशेब, डबीत बंद केलेला. मित्र बाहेर घड्याळ शोधत हिंडत होता आणि टिकटिक गाडीत आधीपासूनच होती.

तरीही त्याला घड्याळ हवेच आहे, आणि त्यात काही गैर नाही. त्याने साधी प्रतिकृती निवडली. मागच्या झाकणावर आतून बसवल्याचे वर्ष कोरून घेतले आणि पावती गाडीच्या कागदपत्रांत ठेवली. आजोबांच्या जुन्या छायाचित्रांत हँडलवर काही दिसते का, हेही भिंग घेऊन पाहिले. काही दिसले नाही.

वाद एकच उरला आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली, तरी मुंबईने आपली 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सोडली नव्हती आणि ती प्रमाणवेळेहून ३९ मिनिटे मागे होती. गाडी १९५४ ची आहे. घड्याळ कोणत्या वेळेला लावायचे, यावर मित्राच्या घरात अद्याप एकमत नाही.