सायकल दुकान : कष्ट भरपूर, मजुरी तुटपुंजी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात सायकलचा धंदा दोन प्रकारे चालतो. नवी सायकल आणि सुटे भाग विकणे हा एक, दुरुस्ती हा दुसरा. बऱ्याचदा दोन्ही एकाच गाळ्यात असतात.

विक्रीतला नफा
माल मुख्यतः लुधियानाचा. सायकल सुटी येते. हँडल, चाके, पेडल, ब्रेक जोडून, रिमचा आऊट काढून ती गिऱ्हाइकाला द्यावी लागते. या फिटिंगची मजुरी वेगळी मिळत नाही. समजा ५,००० रुपयांच्या सायकलीवर दहा टक्के सुटले, तर त्या ५०० रुपयांतच फिटिंग, हमाली, गाळाभाडे, वीज आणि पडून राहिलेल्या मालाचे व्याज भागवायचे.

दुरुस्ती
ट्यूब काढा, पाण्यात बुडवून छिद्र शोधा, घासा, सोल्युशन लावा, पॅच चिकटवा. समजा एका पंक्चरचे ३० रुपये आणि दिवसाला दहा पंक्चर, तरी हाती ३०० रुपये. त्यातूनही सामानाचा खर्च जातो. दर वाढवला तर गिऱ्हाईक घासाघीस करते. शाळा सुरू होताना गर्दी, एरवी बसून राहणे.

कारागीर का टिकत नाही?
काम शिकलेला मुलगा मोटारसायकल गॅरेजला जातो. पाना तोच, मजुरी जास्त. किमान वेतनाला कामगारसंख्येची अट नाही; पण मालकालाच तेवढे सुटत नसेल तर तो देणार कुठून? भविष्यनिर्वाह निधी २० कामगारांपासून लागू होतो, म्हणून एक-दोन माणसांचे दुकान त्याबाहेरच. १८ ते ४० वयाच्या कारागिराला श्रमयोगी मानधन योजनेत नाव घालता येते. मासिक उत्पन्न १५,००० पर्यंत हवे. साठीनंतर महिना ३,००० रुपये पेन्शन.

सरकारी निर्णयांचा परिणाम
कर्नाटकात २००६-०७ पासून आठवीच्या मुलांना मोफत सायकली मिळू लागल्या. खरेदी निविदेने झाल्याने दुकानांची विक्री घटली, पण दुरुस्ती वाढली. कोविडकाळात वाटप थांबले.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. करासह ५,००० ची खरेदी आता सुमारे ४,६९० ला पडते. मात्र कंपोझिशनमधल्या दुकानदाराला इनपुट क्रेडिट नाही. त्याच्या जुन्या मालावरचा जादा कर अंगावर पडतो, आणि शेजारी नवा माल स्वस्त विकला जातो.