मायफेअर क्लासिक चिपचे रिव्हर्स इंजिनिअरिंग

मायफेअर क्लासिक चिपचे रिव्हर्स इंजिनिअरिंग हे इ.स. २००७-०८ मध्ये झालेले संगणक सुरक्षा क्षेत्रातील संशोधन आहे. स्पर्शविरहित स्मार्ट कार्डातील चिपची सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रे घेऊन आणि त्यांचे संगणकाद्वारे विश्लेषण करून तिच्यातील क्रिप्टो-१ ही गोपनीय कूटलेखन पद्धत यात उलगडण्यात आली. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात पीएच.डी. करणारे कार्स्टन नोल, बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातील विद्यार्थी हेन्रिक प्ल्योत्स आणि 'स्टारबग' या टोपणनावाने वावरणारे संशोधक यांनी हे काम केले. चिपमध्ये कोरलेली पद्धत केवळ ती कोरलेली आहे म्हणून गुप्त राहत नाही, हे या संशोधनाने दाखवून दिले.

## पार्श्वभूमी

मायफेअर क्लासिक हे कार्ड १९९४ मध्ये बाजारात आले. पुढे त्याचे उत्पादन फिलिप्स कंपनीकडे व २००६ नंतर तिच्यापासून वेगळ्या झालेल्या एनएक्सपी सेमीकंडक्टर्सकडे आले. हे कार्ड १३.५६ मेगाहर्ट्झ वारंवारतेवर रीडरशी संवाद साधते. लंडनचे ऑयस्टर कार्ड, नेदरलँड्समधील ओव्ही-चिपकार्ट यांसारख्या वाहतूक व्यवस्थांत तसेच अनेक इमारतींच्या प्रवेशद्वारांवर त्याचा वापर होत असे.

कार्डाच्या १ किलोबाइट क्षमतेच्या प्रकारात १६ विभाग असतात आणि प्रत्येक विभागाला ४८ बिटांच्या दोन किल्ल्या असतात. क्रिप्टो-१ ची रचना उत्पादकाने जाहीर केलेली नव्हती. कूटलेखन पद्धत शत्रूच्या हाती लागली तरी किल्ली गुप्त असेपर्यंत व्यवस्था सुरक्षित राहिली पाहिजे, असे केर्कहॉफ्सचे १८८३ मधील तत्त्व सांगते. या कार्डाची रचना त्या तत्त्वाशी विसंगत होती.

## कार्यपद्धती

### नमुन्याची तयारी

कार्डाचे प्लॅस्टिक अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून सुमारे १ चौरस मिलिमीटर आकाराची चिप वेगळी करण्यात आली. चिपमध्ये एकावर एक थर असतात; सर्वांत खाली ट्रान्झिस्टर आणि त्यांवर धातूच्या जोडण्या. हे थर अत्यंत बारीक कणांच्या पॉलिशने घासून एकेक करून काढण्यात आले. चिप घासताना किंचितही कलली तर एका बाजूचा थर आधी निघून जातो. हे टाळण्यासाठी ती प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात बसवण्यात आली.

### छायाचित्रण

प्रत्येक थराची छायाचित्रे साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाखाली ५०० पट विवर्धनाने घेण्यात आली. एका चौकटीत चिपचा लहानसा भागच मावत असल्याने अनेक छायाचित्रे संगणकावर जोडून संपूर्ण थराचे एकसंध चित्र तयार करण्यात आले.

### लॉजिक गेटची ओळख

चिपवर सुमारे १०,००० गेट असले तरी ते एका ठरावीक संचातूनच निवडलेले असतात. या चिपमध्ये त्यांचे सुमारे ७० प्रकार आढळले. प्रत्येक प्रकाराचा एक नमुना माणसाने ओळखला आणि त्याच्यासारख्या इतर सर्व जागा शोधण्याचे काम प्रतिमा-विश्लेषणाच्या आज्ञावलीने केले. यामुळे हजारो गेट हाताने तपासावे लागले नाहीत.

संपूर्ण चिपचा नकाशा काढण्याचीही आवश्यकता नव्हती. ४८ बिटांच्या किल्लीला ४८ बिटांचे रजिस्टर लागणार आणि कूटलेखनात एक्सॉर गेट मोठ्या संख्येने असणार, या तर्काने फ्लिप-फ्लॉपची रांग शोधण्यात आली. त्या भागातील जोडण्यांचा माग काढल्यावर पद्धतीची रचना स्पष्ट झाली. कार्ड व रीडर यांच्यातील संवादाच्या विश्लेषणाचाही यासाठी आधार घेण्यात आला.

## आढळलेल्या त्रुटी

क्रिप्टो-१ चा गाभा ४८ बिटांचे लिनियर फीडबॅक शिफ्ट रजिस्टर आहे. ओळख पटवताना कार्ड ३२ बिटांची यादृच्छिक संख्या पाठवते. परंतु ती १६ बिटांच्या रजिस्टरमधून निर्माण होत असल्याने तिची मूल्ये ६५,५३५ इतकीच असू शकतात आणि सुमारे ०.६ सेकंदाने त्यांचा क्रम पुन्हा सुरू होतो. शिवाय ही संख्या कार्डाला वीज मिळाल्यापासून गेलेल्या वेळेवर अवलंबून असते. म्हणून वेळ नेमकी साधल्यास तीच संख्या पुन्हा मिळवता येते. परिणामी ४८ बिटांच्या लांबीवरून अपेक्षित असलेली सुरक्षाही प्रत्यक्षात मिळत नव्हती.

## प्रसिद्धी आणि न्यायालयीन वाद

डिसेंबर २००७ मध्ये बर्लिन येथील चोविसाव्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये या कामाची माहिती देण्यात आली. सविस्तर शोधनिबंध २००८ च्या यूझनिक्स सुरक्षा परिषदेत सादर झाला. नोल यांचे मार्गदर्शक डेव्हिड इव्हान्स त्याचे सहलेखक होते.

दरम्यान, नेदरलँड्समधील निमेगेन येथील रॅडबाउड विद्यापीठाच्या गटाने चिप न उघडता, कार्ड व रीडर यांच्यातील संदेशांचा अभ्यास करून क्रिप्टो-१ उलगडली आणि मार्च २००८ मध्ये कार्डातील त्रुटी जाहीर केल्या. या गटाचा शोधनिबंध रोखण्यासाठी एनएक्सपीने न्यायालयात धाव घेतली. १८ जुलै २००८ रोजी आर्न्हेम येथील न्यायालयाने ही मागणी फेटाळली. संभाव्य हानीचे मूळ निबंधाच्या प्रकाशनात नसून सदोष चिपमध्ये आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली व अभिव्यक्तिस्वातंत्र्याला प्राधान्य दिले. ऑक्टोबर २००८ मध्ये स्पेनमधील मालागा येथे हा निबंध सादर झाला.

## प्रभाव

चिपमधील परिपथ उलगडण्यास महागडी प्रयोगशाळा लागते, या समजाला या संशोधनाने छेद दिला. चिप-प्रतिमांच्या विश्लेषणासाठी डिगेट हे मुक्त सॉफ्टवेअर मार्टिन शोबर्ट यांनी विकसित केले. २०११ मध्ये हुम्बोल्ट विद्यापीठात सादर केलेला त्यांचा पदविका प्रबंध याच विषयावर होता. गेटचे नमुने जुळवणे, जोडण्या नोंदवणे आणि थर एकमेकांवर ठेवून पाहणे ही कामे त्यात करता येतात. पुढील काळात अनेक संस्थांनी मायफेअर क्लासिकऐवजी एईएस सारख्या जाहीर व तपासलेल्या कूटलेखन पद्धती वापरणारी कार्डे स्वीकारली.

## हेही पहा

* स्मार्ट कार्ड
* एकात्मिक परिपथ
* कूटशास्त्र
* प्रतिमा प्रक्रिया