यंत्रपुरुषाची मुखत्यारी

सागरतळाच्या विवरातून वर आलेला पर्वतप्राय पशू आणि त्याच्याशी झुंजणारा तितकाच प्रचंड पोलादी पुरुष, हे द्वंद्व आज जगभरच्या चित्रपटगृहांतून इतके परिचित झाले आहे की, त्यालाही काही कूळ असेल, त्या कुळावर आपत्ती कोसळल्या असतील आणि त्यांच्या खुणा त्या पोलादी देहावर अजून शोधता येत असतील, हा विचार सहसा कोणाच्या मनाला शिवत नाही. गिलेर्मो देल तोरो यांचा २०१३ सालचा ‘पॅसिफिक रिम’ हा या प्रकारातला सर्वांत ठसठशीत चित्रपट होय. तो रे हॅरिहाउझेन व इशिरो होंडा यांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे. त्यांपैकी एक अमेरिकन, दुसरा जपानी. आणि दोघांचीही खरी कीर्ती यंत्रांसाठी नसून पशूंसाठी आहे. ही अर्पणपत्रिका म्हणजे वंशावळीचा अस्सल दाखलाच समजावा, कारण या कुळात पशू वडील आहे आणि यंत्र धाकटे.

अणुस्फोटाने जागा झालेला प्राचीन प्राणी प्रथम पडद्यावर आणण्याचा मान हॅरिहाउझेन यांच्या १९५३ सालच्या चित्रपटाकडे जातो. त्यात उत्तर ध्रुवाकडील बर्फात निजलेला एक सरडा अण्वस्त्रचाचणीने मोकळा होऊन न्यूयॉर्कपर्यंत येतो. कल्पना अमेरिकेची खरी, परंतु तिची किंमत ज्यांनी देहाने चुकती केली होती ते लोक पॅसिफिकच्या दुसऱ्या काठावर राहत होते. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी या प्रवाळद्वीपावर अमेरिकेने जो हायड्रोजन बाँब उडवला, त्याची शक्ती हिरोशिमावरील बाँबच्या सुमारे हजारपट होती. त्या वेळी दूर समुद्रात मासे धरीत असलेल्या ‘दाईगो फुकुर्यू मारू’ या जपानी नौकेवर पांढऱ्या राखेचा वर्षाव झाला, तीवरील सर्व २३ माणसे किरणोत्साराने आजारी पडली आणि सप्टेंबरात नौकेचा रेडिओचालक आइकिची कुबोयामा मरण पावला. पुढे दोन महिनेही उलटले नाहीत तोच, ३ नोव्हेंबर १९५४ रोजी, तोहो कंपनीचा ‘गोजिरा’ प्रदर्शित झाला. त्याचा प्रारंभच भर समुद्रात अकस्मात लखलखाट होऊन पेटणाऱ्या नौकेने होतो, आणि त्या वर्षीच्या जपानी प्रेक्षकाला त्या दृश्याचा अर्थ समजावून सांगण्याची काही गरज नव्हती. दिग्दर्शक होंडा हे स्वतः चीनमधील युद्धबंदिवासातून १९४६ साली मायदेशी परतताना हिरोशिमाची राख पाहून आलेले होते.

या पशूला देह कसा मिळाला, हा भाग मला फार मोलाचा वाटतो, कारण यंत्रपुरुषाने आपल्या वडिलांकडून चालण्याची ढब घेतली ती येथेच. १९३३ सालच्या ‘किंग काँग’मध्ये लहानशी बाहुली केसभर हलवून एकेक चौकट टिपण्याची रीत वापरली होती. ‘गोजिरा’चे दृश्यचमत्कार रचणाऱ्या एइजी त्सुबुराया यांना तो चित्रपट अतिशय प्रिय होता, तरी तितका वेळ आणि पैसा त्यांच्या हाती नव्हता. म्हणून त्यांनी रबराच्या जाड कातड्यात जिवंत माणूस कोंडला आणि त्याच्यासाठी टोकियो शहर मूळच्या एक-पंचविसांश आकारात उभे केले. हा कोंडलेला माणूस म्हणजे हारुओ नाकाजिमा. पहिला पोशाख सुमारे शंभर किलो वजनाचा असल्याने त्यात काही पावले टाकणेही अवघड होते. पोशाखाचे ओझे आणि आतला उकाडा सोसत त्यांनी जी जड, फरफटती चाल घडवली, तिच्यासाठी ते प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती-अस्वलांचे चालणे न्याहाळीत बसले होते.

यापुढचे काम कॅमेऱ्याचे. पंचवीसपट लहान केलेला मनोरा कोसळण्यास खऱ्या मनोऱ्याच्या केवळ एक-पंचमांश वेळ लागतो, आणि डोळ्याला ती लबाडी तत्काळ कळते. म्हणून असा प्रसंग पुष्कळ अधिक वेगाने चित्रित करून नेहमीच्या गतीने दाखवावा लागतो, म्हणजे मातीचे ते ढेकूळ शेकडो टनांचे होऊन संथपणे खाली येते. संगणकाने रचलेल्या देहाला वजन असे मुळीच नसते, आणि त्याला विजेच्या चपळाईने नाचवण्यास कोणाची आडकाठीही नसते. तथापि ‘पॅसिफिक रिम’मधील सुमारे ऐंशी मीटर उंचीचा ‘जिप्सी डेंजर’ हा यंत्रपुरुष जेव्हा मूठ उगारतो, तेव्हा ती मूठ खाली येण्यास जो दीर्घ अवधी लागतो, तो त्सुबुरायांच्या कारखान्यातूनच वारशाने आलेला आहे. याच त्सुबुरायांनी १९४२ साली जपानी नौदलाच्या विजयाची गाथा सांगणाऱ्या युद्धपटासाठी पर्ल हार्बरची हुबेहूब प्रतिकृती बांधली होती. ज्या हातांनी शत्रूचे बंदर जाळून दाखवले, त्याच हातांनी बारा वर्षांनी आपली राजधानी जाळून दाखवावी, या गोष्टीचा विचार मनातून सहजासहजी जात नाही.

मात्र ‘गोजिरा’त यंत्रपुरुष नाही. पशूचा अंत होतो तो सेरिझावा नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने शोधलेल्या, पाण्यातील प्राणवायू नष्ट करणाऱ्या एका भयंकर द्रव्याने. सेरिझावाला धास्ती पशूची नसते. हे द्रव्य उद्या राज्यकर्त्यांच्या हाती पडले तर ते त्याचे काय करतील, ही त्याची धास्ती असते. म्हणून तो आपले सर्व कागद जाळतो, द्रव्य घेऊन स्वतः सागरतळाशी उतरतो आणि रहस्यासह तेथेच प्राण सोडतो. माझ्या मते यंत्रपुरुषाच्या कुळकथेचा खरा आरंभ या आत्मनाशात आहे. पशूहूनही प्रबळ असे साधन माणसाने निर्माण केले, तर त्याची मुखत्यारी कोणाकडे असावी, या प्रश्नाला सेरिझावाने दिलेले उत्तर ‘कोणाकडेच नाही’ असे होते. पुढचे सारे कूळ त्याच प्रश्नाशी झगडताना दिसते.

दोनच वर्षांनी, १९५६ साली, मित्सुतेरु योकोयामा या चित्रकथाकाराने दुसरे उत्तर दिले. योकोयामांचा जन्म १९३४ चा, कोबे शहरातला. १९४५ साली बी-२९ विमानांनी ते शहर जाळून भुईसपाट केले, आणि युद्धामुळे परगावी पाठवलेला हा अकरा वर्षांचा मुलगा परतला तो ढिगाऱ्यांतच. ती विमाने, जर्मनीच्या ‘व्ही’ अस्त्रांविषयी ऐकलेल्या वार्ता आणि पुढे पाहिलेला ‘फ्रँकेन्स्टाइन’ हा चित्रपट, या तिन्हींचा उल्लेख त्यांनी आपल्या कल्पनेचे उगम म्हणून केला आहे. त्यांच्या ‘तेत्सुजिन २८’ या कथेतील लोहमानव जपानी सैन्याने युद्धाच्या अखेरीस गुप्तपणे घडवलेला असतो. युद्ध संपते, सैन्य विरते, आणि हे बेवारस अस्त्र घडवणाऱ्या शास्त्रज्ञाच्या कोवळ्या पोराच्या, शोतारो कानेदाच्या, ताब्यात येते. लोहमानवाला स्वतःची बुद्धी नाही, नीती नाही. दोन दांड्यांची एक नियंत्रकपेटी आहे, आणि ती ज्याच्या हाती असेल त्याच्या हुकमाचा तो ताबेदार! म्हणून त्या कथांत मारामारीइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक, जीव टांगणीला लागतो तो पेटी चोरीस गेल्यावर. पराभूत राष्ट्रातल्या लेखकाने आपल्याच सैन्याचे अस्त्र एका निष्पाप मुलाच्या हाती सोपवावे आणि तरीही ‘हे सुरक्षित झाले’ असे एकदाही म्हणू नये, याबद्दल मला त्याच्याविषयी अत्यंत आदर वाटतो. १९९५ च्या भूकंपात कोबे पुन्हा उद्ध्वस्त झाले, तेव्हा फार मोठी हानी सोसलेल्या नागाता भागात पुनर्वसनाची खूण म्हणून २००९ साली उभा राहिला तो याच लोहमानवाचा पूर्णाकृती पुतळा.

चित्रपटांत मात्र प्रारंभी यंत्र शत्रुपक्षाकडेच राहिले; होंडा यांच्याच १९५७ सालच्या चित्रपटातील मोगेरा हे परग्रहवासीयांचे यंत्र होते, आणि १९७४ सालचा यांत्रिक गोजिराही परक्यांचाच. महाकाय यंत्राने महाकाय पशूशी माणसाच्या बाजूने लढावे, हा प्रघात रूढ झाला तो मुख्यतः दूरचित्रवाणीवर, आणि त्यातही योकोयामांचा हात आहेच. त्यांच्या कथेवरून १९६७ साली निघालेली ‘जायंट रोबो’ ही मालिका इंग्रजी रूपांतरातून ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवर आली, आणि मनगटावरच्या घड्याळात बोलून यंत्राला हुकूम सोडणारा जॉनी सोको महाराष्ट्रातल्याही अनेक घरांत पोहोचला. त्या मालिकेच्या अखेरीस यंत्र आपल्या छोट्या धन्याचा हुकूम प्रथमच मोडते आणि शत्रूला कवेत घेऊन अवकाशात झेपावते, ते परत येत नाही. सेरिझावाचे मरण येथे यंत्राने पत्करले आहे.

नियंत्रकपेटी नाहीशी झाली ती १९७२ साली, गो नागाई यांच्या ‘माझिंगर झेड’मध्ये. वाहनांच्या खोळंब्यात अडकलेल्या गाड्या पाहून, हात-पाय फुटून पुढच्यांना ओलांडणारे वाहन असावे, अशी कल्पना नागाईंना सुचली. त्यांचा नायक कोजी लहानसे यान घेऊन थेट यंत्राच्या मस्तकात जाऊन बसतो. आता पेटी चोरण्याचा प्रश्न उरला नाही. परंतु यंत्राला बसणारा प्रत्येक तडाखा चालकाच्या जिवावर येऊ लागला. हा बदल मला या कुळातला सर्वांत निर्णायक वाटतो, कारण अधिकाराबरोबर जोखीमही त्याच माणसाच्या पदरात पडली. १९७९ च्या ‘गंडाम’ने तर यंत्राला सैन्यातले शस्त्र करून पशूंना रजाच दिली. १९९५ साली हिदेआकी आन्नो यांच्या ‘इव्हँजेलियन’मध्ये चौदा वर्षांच्या चालकांची मज्जासंस्थाच यंत्राशी जोडली गेली, आणि ज्याला चिलखत समजत होतो ते आतल्या जिवंत देहाला जखडणारे बंधन निघाले.

देल तोरो मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथे वाढले, आणि जपानी पशू व यंत्रे यांची त्यांना ओळख झाली ती बालपणीच्या दूरचित्रवाणीवरून. ‘पॅसिफिक रिम’मध्ये चालकांची खोली वरून घसरत येऊन यंत्राच्या धडावर बसते, ते माझिंगरचे ऋण, पण मुखत्यारीच्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर नवे आहे. एका मनाला हा भार झेपत नाही, म्हणून दोघांची मने, स्मृतींसकट, एकमेकांत मिसळावी लागतात. माको मोरी ही तरुण चालक प्रथमच यंत्रात उभी राहते तेव्हा तिच्या स्मृतीतून उघडते ते टोकियोच. राखेने भरलेला निर्मनुष्य रस्ता, निळा कोट घातलेली एक लहान मुलगी, तिच्या हातात तांबडा बूट, आणि मागून येणारा पशू. यंत्राच्या अंगातील अस्त्र त्या भीतीने आपोआप सज्ज होते आणि सारा तळ उद्ध्वस्त होण्याची वेळ येते. चालवणाऱ्याची जखम यंत्राच्या हातात उतरते, हे इतक्या स्पष्टपणे पूर्वी क्वचितच कोणी दाखवले असेल.

२०१८ साली आलेला या चित्रपटाचा उत्तरार्ध देल तोरो यांनी दिग्दर्शित केलेला नाही, आणि कलाकृती म्हणून तो पहिल्याच्या जवळपासही पोहोचत नाही. परंतु कुळाच्या दृष्टीने त्यात एक मोठी गोष्ट घडते. एक कंपनी चालकाविना चालणारी, दूरस्थ नियंत्रणाची यंत्रे बनवते, ती अधिक सोयीची व सुरक्षित म्हणून त्यांचा पुरस्कार होतो, आणि सर्वत्र तैनात होताच ती उलटतात, कारण त्यांच्या पोलादाखाली पशूंचेच मेंदू बसवलेले निघतात. शोतारोच्या हातातली पेटी बासष्ट वर्षांनी परत येते ती अशी. आणि त्या यंत्रांनी मोकळ्या केलेल्या पशूंचा बंदोबस्त करण्यासाठी चालकांना पुन्हा यंत्रांच्या मस्तकांत चढून टोकियोच्या रस्त्यांवर उतरावे लागते.