तीन दिवसांच्या तेरड्याची कुळकथा
‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण ज्याने रचली, त्याने फूल पाहिलं असेल, बोंड काही पाहिलं नसावं. भाद्रपद सरता सरता पानांच्या बेचक्यात लोंबणारं फुगीर, लवदार बोंड चिमटीत धरा. फट्‌कन फुटतं, सालीच्या पाच पट्ट्या अळीसारख्या आत वळतात आणि बिया फोडणीतल्या मोहरीसारख्या तडतडून उडतात. गावाकडच्या पोरांचा हा फुकटचा फटाका.

बी जमवणाऱ्याची मात्र पंचाईत होते. बोंड लवकर तोडलं तर बी पांढरी, कच्ची निघते. पिकायची वाट बघत बसावं, तर सकाळी देठाला नुसती सालपटं. आमच्या आजीचा उपाय सोपा होता: बोंड फिकटून टच्च झालं की अख्खं मुठीत घ्यायचं आणि मुठीतच फुटू द्यायचं. तळहाताला गुदगुल्या होतात. तपकिरी बी तेवढी सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवायची, मिरगाचा पाऊस पडला की फोकायची आणि वर मातीचा हलकासा हात फिरवायचा. साधारण दोन महिन्यांत, म्हणजे गौरीच्या सुमारास, झाड फुलावर येतं.

गौरीचं आणि तेरड्याचं नातं जुनं. कोकणात कितीतरी घरांत गौर म्हणून तेरड्याची रोपंच आणतात, तीही मुळासकट, कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं. अनुराधा नक्षत्रावर ती येते, ज्येष्ठावर जेवते, मूळ नक्षत्रावर जाते. म्हणीतले तीन दिवस या मुक्कामाचेच असावेत, असा माझा आपला तर्क.

हे झाड मूळचं आपल्याच बाजूचं, भारत-म्यानमारकडचं. तरी 16व्या शतकातच ते युरोपातल्या वनस्पतिग्रंथांत जाऊन बसलं होतं. तिथल्या पंडितांनी त्याची जोडीही लावून दिली: कारल्याच्या कुळातला एक वेल हा ‘नर बाल्समिना’ आणि तेरडा ही ‘मादी’. दोघांचा संबंध काय, तर दोघांची फळं फुटतात! पुढे 1753 साली लिनियसने नाव छापलं, इम्पेशियन्स बाल्समिना. पहिला शब्द लॅटिन, अर्थ ‘अधीर’. बोंडाची बरोबर नाडी पकडली त्याने.

पूर्वेकडे त्याला वेगळंच काम मिळालं. चीनमध्ये त्याचं एक नाव ‘नखांचं फूल’. कोरियात पाकळ्या तुरटीबरोबर ठेचून नखांवर बांधतात आणि पहिल्या बर्फापर्यंत रंग टिकला तर पहिलं प्रेम सफळ होतं असं मानतात. आपल्याकडेही बागेतल्या तेरड्याला गुलमेंदी म्हणतातच. हे नाव हवेतलं नाही: मेंदीला रंग देणारं लॉसोन हे द्रव्य तेरड्याच्या फुलांतही सापडतं. म्हणजे आपण ज्याचा रंग तीन दिवसांत निकाली काढला, त्याच्या भरवशावर तिकडे हिमवर्षावाची वाट बघतात.

युरोपातल्या माळ्यांनी गेंदेदार, दुहेरी फुलांचे वाण निवडत नेले. आज आपण नर्सरीत ‘बाल्सम’ लिहिलेलं चकचकीत पाकीट विकत घेतो आणि कुंडीत पेरतो. फूल देखणं असतं, नाही कशाला म्हणू? पण आपल्याच बांधावरच्या पोरीला परक्या नावाने हाक मारल्यासारखं वाटतं खरं.

तेव्हा यंदा पाकिटाआधी घराजवळचा बांध बघा. कासच्या पठारावर मात्र हात लावायचा नाही. तिथली गुलाबी चादर तेरड्याच्याच भावंडांची असली तरी तिथे फूल तोडायला बंदी आहे. बांधावरून चार बोंडं घ्या आणि बाकीची झाडावरच राहू द्या. त्यांची पेरणी ती स्वतःच करतात.