उसनी दाढी

मागच्या मे महिन्यात आई-बाबा माझ्या पुण्याच्या फ्लॅटवर राहायला आले होते. दुसऱ्याच दिवशी बाथरूम आवरताना आईला आरशामागच्या खणात एक वस्तू सापडली. प्लास्टिकची निळी मूठ, पुढे फिरणारं छोटं चाक आणि चाकावर ५४० बारीक सुया. ती हातात धरून आई हॉलमध्ये आली आणि म्हणाली, "अरे, ही किसणी बाथरूममध्ये काय करतेय?"

रूममेट हसून सोफ्यावरून पडायचाच बाकी होता. मी म्हणालो, "आई, ते दाढीसाठी आहे."

"दाढी करायला?"

"नाही, यायला."

बाबांनी पेपरातून डोकं वर काढून माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पुन्हा पेपरात घातलं.

परिस्थिती थोडक्यात सांगतो. वय २८. मिशी ठीक, हनुवटीवर बरी, पण दोन्ही गालांवर कातळावरच्या गवतासारखा प्रकार: इथे एक पुंजका, तिथे एक, मधे मोकळं रान. ऑफिसात नवीन लागलेली बावीस वर्षांची पोरं शिवजयंतीला कोरीव दाढी आणि चंद्रकोर लावून येतात, तेव्हा मी फोटोत मागच्या रांगेत उभा राहतो. लग्नासाठी पाठवलेला फोटो बघून एका मुलीच्या आत्याने विचारलं होतं, "हा कॉलेजातला फोटो आहे का?" फोटो आदल्या आठवड्यातला होता.

मग मी डर्मारोलर मागवला. गालांवरून आडवा, उभा, तिरका फिरवायचा, गाल लाल झाले की थांबायचं, वर मिनॉक्सिडिल लावायचं. आठ महिने हे केलं आणि एका रात्री बंद केलं. का बंद केलं ते सांगतोच, पण आधी ही वस्तू आमच्या आरशामागच्या खणापर्यंत कशी पोचली ते सांगायला हवं. कारण बंद करण्याचं कारण त्या इतिहासातच होतं, आणि मी तो आठ महिने उशिरा वाचला.

आमच्या धंद्यात 'गिट ब्लेम' नावाची एक कमांड आहे. कोडमधली कुठली ओळ कुणी आणि कधी लिहिली, हे ती दाखवते. बऱ्याचदा असं निघतं की ती ओळ भलत्याच कामासाठी लिहिलेली होती आणि नंतर कुणीतरी उचलून इथे चिकटवली. डर्मारोलरवर गिट ब्लेम चालवलं तर नेमकं हेच निघतं.

पहिली नोंद १९९५ ची. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ डेव्हिड आणि नॉर्मन ओरेंट्राइश या बापलेकांनी खोलगट व्रणांवरचा एक उपचार मांडला. व्रणाखाली सुई घालायची आणि त्याला खाली ओढून धरणारे तंतू सोडवायचे. जखम भरताना तिथे नवीन ऊती तयार होते आणि खड्डा वर येतो. १९९७ मध्ये कॅनडाच्या मॉन्ट्रियलमधले प्लास्टिक सर्जन आंद्रे कामिरां आणि त्यांच्या सहकाऱ्याने दुसरी गोष्ट मांडली. पांढरे पडलेले व्रण झाकण्यासाठी ते त्यावर कातडीच्या रंगाचं गोंदण करत. काही काळाने रंग फिका पडला, पण व्रण सुधारलेलेच दिसले. म्हणजे काम रंगाने केलं नव्हतं, सुईने केलं होतं. मग त्यांनी शाईशिवाय गोंदण करून पाहिलं. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत केपटाउनचे प्लास्टिक सर्जन डेस्मंड फर्नांडिस सुयांनी त्वचेत कोलॅजन वाढवण्याच्या पद्धतीवर काम करत होते. गोंदणाची सुई एकेक टोचे घालते, म्हणून त्यांनी सुया चाकावर बसवल्या. आज जो रोलर मिळतो, तो या घराण्यातला.

यामागचं तत्त्व सोपं आहे. सुई टोचली की शरीर त्याला जखम समजतं. रक्तातल्या प्लेटलेट तिथे धावतात, वाढीला चालना देणारी प्रथिनं सोडतात, दुरुस्ती सुरू होते. इजा बारीक, पण दुरुस्तीचं पथक पूर्ण. इथपर्यंत सगळा विषय व्रण आणि सुरकुत्यांचा होता. केसांचा कुठेच नाही.

आता दुसरी वस्तू, मिनॉक्सिडिल. हिची कथा अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये, अपजॉन कंपनीत सुरू होते. १९५० च्या दशकात ते पोटातल्या अल्सरवर औषध शोधत होते. त्या शोधातली संयुगं अल्सरवर चालली नाहीत, पण रक्तवाहिन्या रुंद करतात असं दिसलं. त्यातूनच पुढे मिनॉक्सिडिल आलं आणि रक्तदाबावर त्याच्या चाचण्या सुरू झाल्या. १९७० च्या सुमारास कोलोरॅडो विद्यापीठात रुग्णांच्या अंगावर नको तिथे केस उगवायला लागले. गंटर कान आणि पॉल ग्रँट या दोन डॉक्टरांनी ते औषध स्वतःच्या अंगावर लावून पाहिलं, केस आले, आणि मग पेटंटवरून कंपनीशी त्यांचं अनेक वर्षं भांडण चाललं. १९७९ मध्ये मिनॉक्सिडिलच्या गोळीला तीव्र रक्तदाबासाठी अमेरिकेत परवानगी मिळाली आणि १९८८ मध्ये टकलावर लावायच्या द्रवाला. जो साइड इफेक्ट होता तोच पुढे मुख्य माल झाला.

हे दोन प्रवाह एकत्र आले त्यातलं एक महत्त्वाचं ठिकाण वाचून मी खुर्चीतच ताठ झालो. ते मुंबईत आहे. सायन हॉस्पिटल.

२०१३ साली 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ ट्रायकॉलॉजी'मध्ये डॉ. रचिता धुरत आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक पेपर आला. टक्कल पडत चाललेले १०० पुरुष घेतले आणि त्यांचे दोन गट केले. दोन्ही गटांना रोज दोनदा पाच टक्के मिनॉक्सिडिल. त्यातल्या एका गटाला शिवाय आठवड्यातून एकदा दीड मिलिमीटरच्या सुयांचा रोलर. बारा आठवड्यांनी ठरावीक जागेतले केस मोजले. रोलरवाल्या गटात केसांची संख्या सरासरी ९१.४ ने वाढली होती, दुसऱ्या गटात २२.२ ने. जगभर ज्या अभ्यासाचा दाखला देऊन रोलर विकले जातात, तो आमच्या लोकलच्या वाटेवरच्या महापालिकेच्या रुग्णालयात झालेला आहे. कॉलेजात असताना मी सायन स्टेशनवरून शेकडो वेळा गेलो असेन.

अभिमान ओसरला तेव्हा मी पेपर पुन्हा नीट वाचला, आणि एक साधी गोष्ट लक्षात आली. हा अभ्यास डोक्याचा होता. दाढीचा त्यात उल्लेखही असायचं कारण नव्हतं.

डोकं आणि गाल यांत फरक काय, केस तो केस, असं मला वाटायचं. पण याचाही एक इतिहास आहे. १९४२ मध्ये अमेरिकेत जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवलं की ज्यांचे वृषण लहानपणीच काढले गेले होते अशा पुरुषांना टक्कल पडत नाही, पण त्यांना पुरुषी संप्रेरक दिलं तर घरात टकलाची परंपरा असलेल्यांचे केस जायला लागतात. १९७४ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांवरचा अभ्यास आला. त्यांच्यातल्या काही पुरुषांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी या जास्त प्रभावी रूपात रूपांतर नीट होत नव्हतं. त्यांना दाढी जेमतेम होती आणि टक्कल नव्हतं. एकच संप्रेरक गालावर केस वाढवतं आणि डोक्यावरचे घालवतं. केसाचं मूळ कुठलं आहे यावर सगळं ठरतं. व्रणांच्या गोष्टीतल्या त्याच नॉर्मन ओरेंट्राइश यांनी १९५० च्या दशकात केस प्रत्यारोपण करताना हे पाहिलं होतं: डोक्याच्या मागचा केस पुढे लावला तरी तो मागच्यासारखाच वागतो. गाव बदललं तरी स्वभाव जात नाही.

मग डोक्यावरचा निष्कर्ष गालावर कसा लावायचा? दाढीवर जो नीट अभ्यास मला सापडला, तो थायलंडचा, २०१६ चा. ४८ पुरुष, तीन टक्के मिनॉक्सिडिल, सोळा आठवडे. खोटं औषध लावणाऱ्यांपेक्षा खरं लावणाऱ्यांची दाढी सुधारली. पण त्यात रोलर नव्हता. म्हणजे रोलरचा पुरावा डोक्याचा, दाढीचा पुरावा रोलरशिवायचा, आणि मी दोन्ही जोडून स्वतःच्या गालावर चालवत होतो. ऑफिसात कुणी असा कोड रिव्ह्यूला पाठवला असता तर मीच परत पाठवला असता.

आता ती रात्र. आई-बाबा परत गेल्यानंतरचा रविवार. दुसऱ्या दिवशी एकीला भेटायला जायचं होतं, म्हणून मी जरा जास्तच जोर लावून रोलर फिरवला. गालावर रक्ताचे बारीक ठिपके आले. त्यावर लगेच मिनॉक्सिडिल लावलं, आणि नेहमीपेक्षा जास्त. झोंबलं. अर्ध्या-पाऊण तासाने पलंगावर पडल्यावर छाती धडधडायला लागली. उठलो तर डोळ्यांपुढे अंधारी. रूममेटने घड्याळात नाडी बघितली, १२४. रात्री एक वाजता आम्ही रिक्षाने दवाखान्यात गेलो. ईसीजी ठीक आला. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, "काही औषध घेता?" मी म्हणालो, "नाही." रूममेट म्हणाला, "सर, तो गालाला लावतो."

पुढच्या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. गालावर तोवर पू भरलेल्या पुळ्या आल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "मूळचं हे औषध कशाचं आहे, माहीत आहे का?" मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं की ते रक्तवाहिन्या रुंद करतं, रक्तदाब उतरतो आणि तो सांभाळायला हृदय जोरात पळतं. म्हणूनच त्याची गोळी देताना नाडी आवरणारं औषधही सोबत देतात. धड कातडीतून ते फार थोडं आत जातं. तुम्ही कातडीला शेकडो भोकं पाडून वर ओतलंत. आणि पुळ्या असलेल्या जागेवरून रोलर फिरवून जंतू सगळ्या गालभर पेरलेत, ते वेगळंच. मग विचारलं, "रोलर अजून कुणी वापरतं का?" रूममेटने दोनदा मागून नेला होता. दोघांनाही रक्ताच्या तपासण्या कराव्या लागल्या. रिपोर्ट येईपर्यंतचे तीन दिवस आम्ही एकमेकांशी फारसं बोललो नाही. दोघांचेही रिपोर्ट ठीक आले.

घरी येऊन मी सायनचा पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. आधी फक्त निष्कर्ष वाचला होता. पद्धतीच्या भागात साधं वाक्य होतं: ज्या दिवशी सुया, त्या दिवशी मिनॉक्सिडिल नाही, ते चोवीस तासांनी सुरू करायचं. माझ्या रोलरच्या डब्यावर हे नव्हतं. ज्या व्हिडिओंवरून मी शिकलो, त्यांतही नव्हतं. व्रणाच्या डॉक्टरांकडून सुई आली, रक्तदाबाच्या डॉक्टरांकडून औषध आलं, टकलाच्या डॉक्टरांकडून आकडे आले. प्रत्येक ठिकाणी वस्तू पुढे गेली आणि तिच्यासोबतची सावधगिरी मागे राहिली.

एवढं सगळं दाढीसाठी का, हाही प्रश्न उरतो. १७०५ मध्ये रशियाच्या पीटर द ग्रेटने दाढीवर कर लावला होता. कर भरला की पुरावा म्हणून तांब्याचं नाणं मिळायचं. ब्रिटिश सैन्यात १९१६ पर्यंत वरचा ओठ भादरायला मनाई होती. माझ्या आजोबांच्या शाळेच्या ग्रुप फोटोत एकाही मास्तरांना दाढी नाही, आणि ती असती तर घरी सुतक आहे का, असं कुणी विचारलं असतं. पुरुषाच्या तोंडावर किती केस हवेत हे दर काळात कुणीतरी दुसराच ठरवतो. आमच्या काळात ते फोन ठरवतो आणि तोच खाली रोलरची जाहिरात दाखवतो.

रोलर मी जाड डब्यात घालून, टेप लावून, कचरेवाल्या मावशींना आत सुया आहेत असं सांगून दिला. त्या आठवड्यात बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझे गाल तिशीनंतर भरले. तुला सांगणार होतो, पण तुझी आई किसणी म्हणाली आणि राहूनच गेलं." बाईंनीही तेच सांगितलं होतं की काहींची दाढी तिशीतही भरत राहते, आणि काहींची भरत नाही.

परवा इस्लामपूरहून मामेभावाचा मेसेज आला. वय १९. "दादा, रोलर किती एमएमचा घेऊ?" मी त्याला आकडा सांगितला नाही. फोन लावला आणि आधी विचारलं, "तुला माहितीये का, हे औषध मुळात कशाचं आहे?"