मॅकडोनेल–ला बूर्दोने : ६२ वा डाव
लंडनच्या वेस्टमिन्स्टर चेस क्लबात १८३४ मध्ये खेळला गेलेला, काळ्या मोहऱ्यांनी जिंकलेला सिसिलियन बचावाचा गाजलेला डाव. पांढरी मोहरी बेलफास्टच्या अलेक्झांडर मॅकडोनेलची (१७९८–१८३५), काळी फ्रान्सच्या ला बूर्दोनेची (१७९५–१८४०). जून ते ऑक्टोबर दोघांत सहा सामने, एकूण ८५ डाव झाले. ला बूर्दोनेने ४५ जिंकले, मॅकडोनेलने २७, बाकीचे १३ बरोबरीत सुटले. हा डाव चौथ्या सामन्यातला सोळावा. तेव्हा बुद्धिबळाचे घड्याळ नव्हते आणि मॅकडोनेल एकेका खेळीवर फार वेळ घेई. विल्यम ग्रीनवुड वॉकर शेजारी बसून खेळ्या टिपत राहिला, म्हणून हे डाव आज पाहायला मिळतात.

राजाचे प्यादे दोन घरे येताच काळ्याने सी ५ खेळून सिसिलियन स्वीकारला आणि चौथ्या खेळीला प्यादे ई ५ वर नेले. या खेळीने डी पट्टीतले प्यादे मागे अडकून पडण्याचा धोका असतो. ला बूर्दोनेने आठव्या खेळीला तेच डी ५ वर ढकलून प्रश्न निकालात काढला. मॅकडोनेलने पुढे घोडा देऊन हत्ती मिळवला. हिशेबाने तो वरचढ होता, पण पटाच्या मध्यावर काळ्याची प्यादी सुटली होती. पांढऱ्याचेही एक प्यादे डी ७ पर्यंत पोचले, मात्र समोरचे घर काळ्या उंटाने अडवलेले. छत्तिसाव्या खेळीला काळ्याने वजीर देऊन हत्ती घेतला, पुढच्या खेळीला ई प्यादे सरकवले आणि मॅकडोनेलने डाव सोडला. शेवटच्या स्थितीत डी २, ई २, एफ २ या लगतच्या घरांत काळी प्यादी ओळीने उभी आहेत. पांढऱ्याचा वजीर आणि हत्ती त्यांच्यापुढे हतबल. प्याद्यांच्या बळाचे इतके ठसठशीत चित्र नंतरच्या डावांतही क्वचितच सापडते.

महाराष्ट्रात पूर्वी रूढ असलेल्या देशी बुद्धिबळात हा डाव उभाच राहिला नसता. तिथे प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चाले, म्हणजे सी ५ पहिल्या फटक्यात शक्य नाही. शिवाय प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरात पोचे त्याचीच बढती मिळे. एफ पट्टीतल्या प्याद्याला उंट होण्यावरच समाधान मानावे लागले असते.